हातात उरलेले युद्ध

नागपूरच्या उत्तरेकडील जरीपटका या वस्तीचे नाव मुळात एका निशाणाचे नाव आहे. जरीपटका म्हणजे मराठा सैन्यातील मानाचा, जरीच्या कापडाचा ध्वज. तो ज्या सरदाराबरोबर असे त्याच्याकडे मोहिमेचा अधिकार असल्याचे लांबूनच ओळखू येई, आणि रणधुमाळीत जिथे आवाज पोहोचत नसे तिथे त्या ध्वजाकडे पाहून शिपाई आपली जागा राखीत. दूरवर निरोप पोहोचवण्याच्या एका जुन्या साधनाचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे स्थिरावली, त्यांनी बाजारपेठ उभी केली, शाळा काढल्या, चेटीचंडची, म्हणजे सिंधी नववर्षाची, मिरवणूक सुरू ठेवली, आणि नागपुरात सिंधी भाषेचा एक सलग मोहल्ला तयार झाला. प्रस्तुत लेखाचा विषय निरोपाचेच दुसरे एक साधन आहे: दुसऱ्या महायुद्धातील बिनतारी सेवा, तिच्यातील मोर्स लिपी, आणि ही लिपी आजोबांच्या हातातून नातवंडांच्या हातात जाण्याची घडण.

घराण्यातील युद्धाची आठवण बहुधा पदकांतून, कागदपत्रांतून किंवा सांगितलेल्या गोष्टींतून टिकते. पायदळातल्या सैनिकाच्या घरी केरन किंवा कॅसिनोच्या लढाईची गोष्ट असते, भिंतीवर तसबीर असते, पेन्शनचे पुस्तक असते. बिनतारी संदेशकाच्या बाबतीत मात्र, पुढे दिसेल त्याप्रमाणे, गोष्ट मुळातच त्याच्या हाती लागलेली नसते. आणि फाळणीत घर सोडावे लागलेल्यांच्या बाबतीत कागदही मागे राहिलेले असतात. तरीही अशा माणसाकडून नातवाला काही मिळू शकते आणि ते अत्यंत नेमके असते. ते काय, हे समजण्यासाठी आधी मोर्स लिपीची रचना पाहणे आवश्यक आहे.

अमेरिकेत सॅम्युएल मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी तयार केलेल्या आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर या तारेवर जाहीरपणे वापरल्या गेलेल्या संकेतपद्धतीचे पुढे युरोपात शुद्धीकरण झाले, आणि १८६५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोर्स म्हणून तिला मान्यता मिळाली. तिला लिपी म्हणण्याचा प्रघात असला तरी तिचे खरे स्वरूप तालाचे आहे, कारण तिचे सर्व नियम काळाच्या मापाचे आहेत. ठिपका ही एक मात्रा, रेघ तीन मात्रांची, एका अक्षरातील दोन खुणांमधली विश्रांती एका मात्रेची, दोन अक्षरांमधली तीन मात्रांची आणि दोन शब्दांमधली सात मात्रांची. वेग मोजण्यासाठी ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण मानतात, कारण इंग्रजी पाच अक्षरांचा हा शब्द त्याच्या पुढील विश्रांतीसह बरोबर ५० मात्रांचा होतो. म्हणजे मिनिटाला २० शब्द या वेगाने संदेश जात असेल तर एक ठिपका सेकंदाच्या सहा शतांश भागात संपतो. इतक्या अल्प काळात डोळ्यांपुढे ठिपके आणून ते मोजणे कोणालाही शक्य नाही. म्हणून जो विद्यार्थी कागदावरचा तक्ता पाठ करून मोर्स शिकतो तो मिनिटाला आठ-दहा शब्दांपाशी अडतो, आणि जो पहिल्या दिवसापासून ‘डि-डा’ म्हणजे ए, ‘डा-डि’ म्हणजे एन असे कानाने शिकतो तो पुढे जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या पद्धतीची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. तबल्याच्या तालमीत गुरू आधी बोल तोंडाने म्हणवून घेतात, या क्रियेला पढंत म्हणतात, आणि जिभेवर कायदा, म्हणजे बोलांची बांधीव रचना, बसल्यावरच तो हातावर येतो. लिहून ठेवलेला कायदा ही केवळ आठवणीची खूण असते. मोर्सचेही तसेच आहे. तारघरांत यंत्राच्या आवाजाला ‘कट्ट-कडकट्ट’ असे नाव मराठीने दिले तेव्हा भाषेने अक्षरांऐवजी ठेकाच पकडला होता, आणि हे नाव देणाऱ्या अनाम कानाला दाद द्यावीशी वाटते.

महायुद्धाला सप्टेंबर १९३९ मध्ये तोंड लागले तेव्हा भारतात हौशी बिनतारी केंद्रे चालवणाऱ्यांची संख्या अगदी लहान होती, आणि सरकारने त्यांना आपली प्रक्षेपक यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी आदेश दिले. हौशी केंद्र म्हणजे धंदा किंवा सरकारी काम नसताना, स्वतःच्या आवडीने, परवाना घेऊन बिनतारी संभाषण करणाऱ्याचे केंद्र, ज्याला आज सर्रास हॅम रेडिओ म्हणतात. एकीकडे हौशी माणसाच्या हातातले यंत्र काढून घेतले जात असताना दुसरीकडे लष्कराला नेमका तोच हात हवा होता. युद्धापूर्वी सुमारे दोन लाखांचे असलेले भारतीय सैन्य १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेले, आणि एवढ्या फौजेला आफ्रिकेच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत एकमेकांशी बोलते ठेवण्यासाठी सिग्नल दलाला शिकलेल्या तरुणांची गरज पडली. ‘लढवय्या जाती’ नावाची जी भरतीची चौकट इंग्रजांनी अनेक दशके जपली होती ती तांत्रिक शाखांच्या बाबतीत टिकू शकली नाही, कारण इथे उंची-छातीपेक्षा इंग्रजी अक्षरांची ओळख आणि बारीक कान यांना किंमत होती.

सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र जबलपूरला होते. त्या काळी जबलपूर मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, ही गोष्ट आज राज्यांच्या सीमा बदलल्यामुळे सहज नजरेआड होते. म्हणजे भारतीय सेनेच्या बिनतारी शिक्षणाचे माहेरघर नागपूरच्याच प्रांतात होते.

ध्वनीने बोलण्याची सोय असणारी यंत्रे तेव्हा होती, तरी लांबच्या संपर्कासाठी मोर्सच वापरावी लागे, आणि यामागे स्वच्छ भौतिक कारण आहे. मानवी आवाज बिनतारी लहरीवर चढवायचा तर त्याला कंपनांचा रुंद पट्टा लागतो आणि प्रक्षेपकाची शक्ती त्या सगळ्या पट्ट्यात वाटली जाते. मोर्समध्ये एकच सूर लागतो आणि तुटतो, त्यामुळे सगळी शक्ती एका बारीक रेषेत एकवटते. विजांचा खडखडाट, शत्रूने मुद्दाम सोडलेला गोंगाट, शेजारच्या केंद्रांची गिचमीड या सगळ्यातून तो बारीक सूर सरावलेल्या कानाला वेगळा काढता येतो. बॅटरीवर चालणारे, खेचराच्या पाठीवर लादून नेलेले यंत्र जिथे आवाज पोहोचवू शकत नसे तिथे तेच यंत्र मोर्सने कित्येक पट अंतर पार करी.

संदेशकाचे काम मात्र जितके महत्त्वाचे तितकेच त्याच्यासाठी अर्थशून्य असे. लढाईतील निरोप आधी सांकेतिक भाषेत बदलले जात, मग पाच-पाच अक्षरांचे किंवा आकड्यांचे गट करून संदेशकाच्या हाती दिले जात; पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्या गटांचा अर्थ ठाऊक नसे, ठाऊक असण्याची परवानगीही नसे, आणि सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा डोक्यावर असे. कानावर हेडफोन, डाव्या हाताने यंत्राची चकती, उजव्या हातात पेन्सिल. कान पुढचे अक्षर ऐकत असताना हात दोन-तीन अक्षरे मागचे लिहीत राहतो, आणि एक अक्षर हुकले तर त्याच्या मागे न लागता जागा सोडून पुढे जायचे, कारण थांबलेला माणूस पुढची चारही गमावतो. असे तास, असे महिने, असा सगळा युद्धकाळ काढलेला माणूस घरी परतल्यावर त्याला युद्धात काय झाले असे कोणी विचारले तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही नसे. शेकडो निरोप त्याच्या बोटांखालून गेले, त्यांतल्या एखाद्याने तुकडी वाचली असेल, एखाद्याने माणसे मृत्यूच्या तोंडी गेली असतील. त्याला ते कळले नाही. नातवंडांना ‘आजोबा युद्धाबद्दल बोलत नाहीत’ असे जे वाटते त्याला दुःखाचे मौन हे कारण असू शकते, पण संदेशकाच्या बाबतीत त्याहून साधे आणि अधिक करुण कारण संभवते: त्याला युद्ध अर्थासह कधी भेटलेच नाही.

त्याच्याकडे राहतो तो हात. मोर्सच्या जगात हा शब्द पारिभाषिक आहे, आणि तो समजावून घेण्यासाठी मोर्सची कळ जवळून पाहावी. एक पितळी दांडी मध्यावर तोललेली असते, पुढच्या टोकाला चपटी गोल मूठ, खाली स्प्रिंग, आणि दोन लहान धातुबिंदूंमध्ये कागदाच्या काही पदरांएवढी फट; ती फट आणि स्प्रिंगचा ताण प्रत्येक जण आपल्या मनगटाप्रमाणे स्क्रूने लावून घेतो. नियमाप्रमाणे रेघ तीन मात्रांची असली तरी प्रत्यक्षात कोणाची रेघ किंचित ओढलेली, कोणाची शेवटची विश्रांती घाईची, कोणाचा ठिपका टोचल्यासारखा असतो, आणि रोज ऐकणाऱ्याला पहिल्या दोन-चार अक्षरांतच समोर कोण बसले आहे हे आवाजावरून ओळखावे तसे ओळखू येते. या लकबीला हात म्हणतात. युद्धात तिचा उपयोग दोन्ही बाजूंनी केला: शत्रूचा संदेश उलगडला नाही तरी त्याच्या संदेशकाचा हात ओळखून कोणती तुकडी कुठे हलली याचा अंदाज बांधता येई.

या संदर्भात नूर इनायत खान यांची हकिकत टाळून पुढे जाता येत नाही, कारण तिचे एक टोक बडोद्याच्या मराठी संस्थानात आहे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढणारे आणि भारतीय संगीताला स्वरलेखन देण्यासाठी झटणारे मौलाबक्ष हे नूरच्या वडिलांचे आजोबा. ज्या घराने सूर चिन्हांत बांधण्याचा प्रयत्न केला त्याच घरातली ही मुलगी चिन्हे सुरांतून पाठवण्याच्या कामाला लागावी, हा योगायोग असला तरी मन त्यावर रेंगाळते. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत जन्मलेली, वीणा आणि हार्प वाजवणारी, मुलांसाठी जातककथा लिहिणारी नूर १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाली आणि बिनतारी शिकली. थंडीने सुजलेल्या बोटांमुळे तिचा कळेवरचा हात जड पडे, आणि बरोबरीच्या मुली त्यावरून तिला चिडवीत. जून १९४३ मध्ये तिला ब्रिटिशांची गुप्त बिनतारी संदेशक म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. काही दिवसांतच तिचे सहकारी पकडले गेले, तरी ती यंत्राची पेटी घेऊन पॅरिसमध्ये जागा बदलत राहिली. ऑक्टोबरमध्ये ती सापडली. त्यानंतर जर्मनांनी तिचेच यंत्र वापरून लंडनशी संभाषण चालू ठेवले, आणि लंडनने त्यावर विसंबून आणखी माणसे त्या जाळ्यात पाठवली. पलीकडचा हात बदलला आहे याची दखल वेळीच घेतली गेली नाही, याची किंमत जिवांनी मोजली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत नूरला गोळी घालण्यात आली.

याच युद्धकाळात भारतात बिनतारीचा दुसरा, सरकारविरोधी वापरही झाला आणि त्यात सिंधचा वाटा आहे. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे सुरू केलेला विद्युत-सामानाचा व्यवसाय पुढे मुंबईत ‘शिकागो रेडिओ’ या नावाने प्रसिद्ध झाला. काँग्रेसच्या अधिवेशनांत गांधीजींचा आवाज लाखोंच्या समुदायापर्यंत नेणारे ध्वनिक्षेपक याच पेढीचे असत. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाल्यावर नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि बाबुभाई खाकर यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला, ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांनी यंत्रसामग्री आणि अधिवेशनाची ध्वनिमुद्रणे पुरवली, तर प्रक्षेपक बांधण्याचे काम नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारी तंत्रज्ञाकडून झाले. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर बोलणारे हे केंद्र सतत जागा बदलत असे, कारण पोलिसांच्या गाड्यांवर दिशाशोधक यंत्रे होती. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून लहर कोणत्या दिशेने येते हे पाहून नकाशावर दोन रेषा ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक असतो. विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथे ऑगस्टमध्ये झालेला उठाव आणि त्यानंतरचे अत्याचार यांची बातमी, जी वृत्तपत्रांत छापता येत नव्हती, ती या केंद्राने देशाला सांगितली. नागपूरच्या परिसरातल्या गावांचे दुःख मुंबईतून, सिंधी व्यापाऱ्याने पुरवलेल्या सामग्रीवरून, आकाशात गेले, ही घटना जरीपटक्यातल्या शाळांत शिकवली जावी इतकी जवळची आहे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, नानक मोटवाने खटल्यातून सुटले.

युद्ध संपल्यावर सरकारने शिकवलेले कान आणि हात सरकारच्याच विरोधात गेले. मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ नावाचे नौदलाचे किनाऱ्यावरचे केंद्र होते आणि तिथे नाविकांना संदेशवहन शिकवले जाई. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची वांशिक शिवीगाळ यांविरुद्ध १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वरील नाविकांनी जेवण नाकारले. हा संप आधी संदेशकांचा होता, म्हणूनच तो दोन-तीन दिवसांत ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे आणि सुमारे २० हजार नाविकांपर्यंत पसरू शकला: बातमी नेणारी यंत्रेच संपकऱ्यांच्या हाती होती. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे सिग्नलमन होते आणि उपाध्यक्ष मदनसिंग हे तारायंत्री. त्याआधी भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल पकडले गेलेले बी. सी. दत्त हेही तारायंत्रीच. कराचीत ‘हिंदुस्तान’ या जहाजावर तोफांचा मारा झाला तेव्हा गोळ्यांचा आवाज सिंधच्या त्या शहरात घराघरांत ऐकू गेला असणार, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांतली कित्येक घरे रिकामी व्हायची होती. २३ तारखेला नौदलाचा संप मागे घेण्यात आला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला जबलपूरच्या सिग्नल केंद्रातील सुमारे १,७०० जवान छावणीतून बाहेर पडले. मुंबईच्या उठावाला इतिहासात जागा मिळाली. जबलपूरच्या उठावाला, तो आपल्याच जुन्या प्रांतात घडलेला असूनही, मराठीत फार थोडी मिळाली, ही उणीव भरून निघायला हवी.

फाळणीत सिंधमधून निघालेल्या माणसाला सामान मोजके नेता येई. घर, दुकान, शेत, नेमणुकीचे कागद मागे राहत. आपली अरबी वळणाची लिपीसुद्धा नव्या प्रदेशात पुढच्या पिढीला वाचता येईल की नाही याची खात्री नव्हती, आणि सिंधी देवनागरीत लिहावी की जुन्या लिपीत हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. सीमेवरच्या तपासणीत जप्त न होणारी गोष्ट म्हणजे हाताला लागलेले काम. शिंप्याची कात्री हरवली तरी बेतणे हरवत नाही, तसेच कळेवरच्या हाताचे. आणि मोर्सला तर मराठी, सिंधी, उर्दू अशी वाटणीही नव्हती, कारण साताऱ्याचा मुलगा आणि हैदराबाद-सिंधचा मुलगा दोघेही २६ रोमन अक्षरे आणि १० आकडे याच ठेक्यात शिकलेले असत.

या हातांना स्वतंत्र भारतात काम होते. टपाल व तार खाते, पोलिसांचा बिनतारी विभाग, व्यापारी जहाजे, रेल्वे आणि नागरी विमानसेवा यांना मोर्स जाणणारी माणसे लागत. नागपूरच्या दृष्टीने यांत विमानसेवा विशेष महत्त्वाची, कारण ३० जानेवारी १९४९ पासून सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र नागपूर होते: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई, आणि उजाडेपर्यंत ती आपापल्या शहरांकडे परतत. युद्धातून उरलेल्या या विमानांत वैमानिकांच्या मागे बिनतारी अधिकाऱ्याची जागा असे, त्याच्यापुढे कळ असे, आणि झोपलेल्या नागपूरवरून रोज रात्री ठिपके आणि रेघा चारही दिशांना जात.

१४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातील तारसेवा बंद झाली तेव्हा अनेक लेखांतून मोर्सला निरोप देण्यात आला, पण तो चुकीच्या पत्त्यावर होता. तारघरांत मोर्सची जागा टेलिप्रिंटरने आणि नंतर संगणकाने कितीतरी आधी घेतली होती. २०१३ मध्ये संपली ती तार, कडकट्ट नव्हे. समुद्रावर १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहाधारित संकटसंदेश-पद्धती सक्तीची झाल्यावर मोर्सची व्यावसायिक गरज संपत आली हे खरे. हौशी बिनतारीत मात्र ती संपली नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी २००३ मध्ये हौशी परवान्यासाठी मोर्सची अट देशांच्या मर्जीवर सोडली, तरी भारतात वरच्या श्रेणीच्या परवान्यासाठी मिनिटाला आठ शब्दांची मोर्स परीक्षा त्यानंतरही राहिली. आठ शब्दांचा वेग म्हणजे ठिपक्याला सेकंदाचे पंधरा शतांश. लष्करी कानाला हा वेग रांगण्यासारखा वाटेल, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तो गाठण्यासाठी रोज अर्धा तास कोणीतरी समोर बसावे लागते.

तो समोर बसणारा माणूस आजोबा असेल तर शिकवणीत जे घडते त्याला आठवण सांगणे म्हणता येणार नाही. जेवणाच्या टेबलावर चमच्याने नाव वाजवले जाते, मूल उत्तरादाखल ताटावर बोट आपटते, आजोबा मान हलवून रेघ आखूड पडल्याचे खुणावतात, आणि ते अक्षर पुन्हा होते. ऐकूनच शिकले जात असल्यामुळे शिकवणाऱ्याच्या हातातली वळणे शिकणाऱ्याच्या हातात उतरतात: कुठे श्वास घ्यायचा, कोणती रेघ जरा ओढायची, चूक झाल्यावर आठ ठिपके वाजवून तो शब्द पुन्हा कसा धरायचा. जबलपूरच्या एखाद्या उस्तादाने १९४३ मध्ये लावलेली मनगटाची सवय अशा रीतीने ऐंशी वर्षांनंतर एखाद्या शाळकरी हातात आढळू शकते, आणि घराण्याची गायकी ओळखणाऱ्याला यात नवल वाटू नये. शब्दांचा अर्थ आजोबांना तेव्हा मिळाला नव्हता. नातवाशी वाजवलेल्या ‘जेवलास का’ या दोन शब्दांना मात्र तो पुरेपूर असतो.

हौशी मंडळींचे संभाषण संपवण्याचे काही संकेत ठरलेले आहेत. ‘शुभेच्छा’ या अर्थी ७३ हा आकडा वाजवतात, आणि त्याची रचना अशी की सातचा ठेका दोन रेघा-तीन ठिपके आणि तीनचा ठेका तीन ठिपके-दोन रेघा. आरशातल्या प्रतिमेसारखा तो उलट्या बाजूनेही तसाच ऐकू येतो. त्यानंतर केंद्राची नावे देऊन संभाषण रीतसर बंद होते. तरी यंत्र बंद करण्यापूर्वी एक जण सवयीने दोन सुटे ठिपके वाजवतो, ज्यांना नियमपुस्तकात कोणताही अर्थ नाही. आणि दुसरा, तो पलीकडच्या खंडात असो की पलीकडच्या खोलीत, तेवढ्याच अंतराने दोन ठिपके परत देतो.